हसुरामच्या घरचा माणूस

हसुराम कोणतीही वस्तू हातात आली की आधी ती उलटी करून बघायचा. पेला, खुर्ची, कंदील, एकदा तर माझी भरलेली दौत. आमच्या वाचनालयातल्या लांब टेबलावर त्या शाईचा डाग बरीच वर्षं होता. दौत सांडल्यावर तो कावराबावरा झाला, धोतराच्या सोग्याने शाई पुसायला लागला आणि पुसता पुसता म्हणाला, "बुडाला आतून उंचवटा आहे, अण्णा. म्हणून थोडी शाई नेहमी शिल्लक राहते. कंपनीवाले लबाड असतात."

हसुराम माघात गेला. देशावर एका धरणाच्या कामावर होता, तिथे कावीळ झाली आणि अंगात भिनली. पस्तिशीही गाठली नव्हती. त्याच्या कचेरीतल्या लोकांनी सभा घेतली, असं त्याच्या मामांनी मला येऊन सांगितलं. हुशार, मनमिळाऊ, कामाला वाघ, असं सगळे बोलले म्हणे. ते खरंच असणार. पण ऐकताना मला तो डोळ्यांपुढे दिसेना. म्हणून जसं आठवतं तसं, सावकाश लिहितो आहे.

पनवेलच्या वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. म्हणजे दार उघडणं, झाडणं, वर्तमानपत्रं काठीला लावणं आणि पुस्तकं देणं-घेणं ही सगळी कामं माझीच. हसुरामचं गाव उलव्याच्या पलीकडे, खाडीच्या काठावर, अगदी लहान. वडील मिठागरावर कामाला होते, आणि घरची थोडी भातशेती बांधाच्या आत होती. तो इंग्रजी शाळेत असतानाच वडील तापाने गेले. मागे तो आणि आई चांगुणाबाई, एवढंच घर उरलं. शाळेसाठी तो पनवेलला मामांकडे राहायचा. मामा बैलगाड्यांच्या कारखान्यात सुतार होते. मामांच्या एका खोलीत सात माणसं, म्हणून अभ्यासाला हसुराम आमच्याकडे यायचा.

गोष्टीची पुस्तकं त्याने कधी मागितली नाहीत. चित्रं असलेलं काहीही चालायचं. चित्रं आधी, मजकूर मागाहून, आणि चित्रात काही चुकलं असेल तर मजकूर नाहीच. एका प्रवासवर्णनात पुलाचं चित्र होतं. ते बघून त्याने पुस्तक मिटलं. "हा पूल उभाच राहणार नाही. ज्याने पूल नीट बघितला नाही त्याने माणसं काय बघितली असणार?" त्या लेखकावर माझी भक्ती होती. मला राग आला, पण नंतर ते पुस्तक पुन्हा वाचताना मजा आली नाही, हेही खरं.

मामांच्या कारखान्यात चाकावर धाव चढवायचा दिवस असला की तो वाचनालयाकडे फिरकत नसे. धाव म्हणजे चाकाभोवतीची लोखंडी पट्टी. ती गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, चिमट्यांनी उचलून लाकडी चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. लोखंड आवळतं, लाकूड करकरतं, धुराचे लोट उठतात. हसुराम ते कितीदा बघून आला असेल कोण जाणे. प्रत्येक वेळी येऊन म्हणायचा, "अण्णा, चाक खिळ्यांनी धरलेलं नसतं. सगळा दाब बाहेरून असतो."

दाब हा त्याचा आवडता शब्द. "आधी बघू, दाब कुठून आहे," हे वाक्य तो कुठेही वापरायचा. वाचनालयाच्या समितीत भांडण होऊन दोन सभासद एकमेकांशी बोलेनासे झाले तेव्हाही त्याने तेच विचारलं. मी म्हटलं, "हसुराम, हे माणसांचं भांडण आहे." तो म्हणाला, "मग माणसांचा दाब कुठून आहे?" पुढे कळलं की दोघांच्या बायकांचं आधी वाजलं होतं.

इंटर सायन्स चांगल्या मार्कांनी पास होऊन तो मुंबईच्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेला. त्याच्या गावातून तिथपर्यंत गेलेला तो पहिलाच. गावाने त्याचा अर्थ असा घेतला की तो आता इंजिनिअर झाला. गणपतीला पहिल्यांदा घरी आला तर ओटीवर रांग. कोणी बंद पडलेला स्टोव्ह आणलेला, कोणी भिंतीवरचं घड्याळ. मी त्या वर्षी त्याच्याकडे आरतीला गेलो होतो, म्हणून हे पाहिलं.

"काकू, अजून काही शिकवला नाय," तो सांगत होता. "आता नुसत्या रेघा मारायला शिकवतात."

"रेघा?" स्टोव्हवाली म्हातारी म्हणाली. "रेघा मारायला ममईला कशाला जायला पायजे रे? माझा नातू हितंच मारतो भिंतीवर."

"त्या सरळ नसतात, काकू."

"मग तुज्या सरळ झाल्या का?"

"नाय अजून," हसुराम खरं ते बोलला, आणि स्टोव्ह उलटा करून बघू लागला.

त्याची भाषा दोन प्रकारची होती. वाचनालयात तो माझ्यासारखं बोलायचा, किंबहुना माझ्यापेक्षा जपून. गावात शिरताना, चिंचेचं झाड मागे पडलं की त्याचं 'आहे' जाऊन 'हाय' यायचं. वसतिगृहातली मुलं त्याला एखाददुसऱ्या 'नाय'वरून हसायची. गावात कधी तोंडून 'नाही' निघालं तर पोरं "सायेब आला, सायेब आला" म्हणून ओरडायची. तो दोन्हीकडे हसून घ्यायचा.

अभ्यासातलं ड्रॉइंग त्याला आधी फार जड गेलं. वस्तू एकच, पण ती समोरून, वरून आणि बाजूने अशी तीनदा काढायची. समोरून आणि बाजूने त्याला जमायचं. वरून जमेना. मग एका सुटीत तो आमच्या टेबलावर पेटीची कुलपं, अडकित्ता, माझा चष्मा असं मांडून, स्टुलावर उभा राहून, वाकून बघत बसला. वाचायला आलेले निवृत्त मामलेदार दारातूनच परत फिरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हळूच विचारलं, "त्या मुलाचं बरं आहे ना?" बरं होतं. त्याला वरून दिसायला लागलं होतं.

त्याचा ड्रॉइंग बोर्ड मात्र एकदा सगळ्या कॉलेजात गाजला. सुटीला येताना तो बोर्ड घरी घेऊन आला होता. चांगुणाबाईंनी ती फळी पाहिली. सपाट, गुळगुळीत, घरात इतकी स्वच्छ दुसरी वस्तू नाही. हसुराम मामांकडे पनवेलला आला आणि मागे त्यांनी फळीवर जवळा वाळत घातला. एका दिवसाचं ऊन पुरलं. कॉलेज उघडल्यावर याने बोर्डावर कागद लावला, तर शेजारची मुलं जागा बदलायला लागली. प्राध्यापक वास घेत घेत त्याच्यापाशी येऊन थांबले. हसुरामने उभं राहून इंग्रजीत सांगितलं की माझ्या आईने यावर मासळी वाळवली. प्राध्यापक गोव्याकडचे होते. त्यांनी विचारलं, "कोलंबी?" "नाही सर, जवळा." त्यावर ते पुढच्या बाकाकडे गेले. ही हकिगत सांगताना हसुराम स्वतःच इतका हसायचा की शेवट नेहमी दुसऱ्या कोणीतरी सांगावा लागायचा. आईला मात्र त्याने यातलं काही कळू दिलं नाही.

आता त्या बांधाबद्दल सांगायला हवं.

त्याच्या गावची सगळी भातशेती खाडीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. मातीचा एक लांब बांध भरतीचं पाणी बाहेर ठेवतो. उधाणाला बांध फुटला तर त्याला खांड गेली असं म्हणतात. खांड गेली की ओहोटी लागल्याबरोबर ती भरायची, कारण पुढची भरती तोंड आणखी मोठं करते. खाडीतल्या चिखलाची मोठमोठी ढेकळं कापायची आणि माणसांच्या रांगेतून हातोहात पुढे द्यायची. रांगेसाठी गावाचा नियम होता, घरटी एक माणूस. माणूस म्हणजे बाप्या. ज्या घराचा माणूस बांधावर उभा राहिला नाही त्या घराचं शेत गाव आपलं धरत नसे. त्याच्या लावणीला कोणी जात नसे, त्याची बांधबंदिस्ती कोणी बघत नसे. वडील गेल्यापासून आपल्या घरचा माणूस म्हणून हसुराम उभा राहायचा. दिवाळीनंतरची नेहमीची डागडुजी सुटीत यायची, म्हणून इंटरपर्यंतची वर्षं निभली.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी, कोजागिरीच्या उधाणाला, खांड गेली. कॉलेजात सत्राची परीक्षा चालू होती. मधे एक मोकळा दिवस होता म्हणून तो वाचायला पनवेलला आला होता; दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रॉइंगचा पेपर. वाचनालयाच्या दारात गावचा एक माणूस येऊन उभा राहिला, गुडघ्यापर्यंत चिखल.

"हसुराम, खांड गेली रे. मोठी हाय. पिकलेला भात हाय आत."

हसुराम उठला. तो माणूस घुटमळला आणि म्हणाला, "तुजी आय सांगत होती, त्याला नका सांगू. मी आपला बाजारात आलो होतो. आता दिसलास तं काय करू?"

हसुरामने माझ्याकडे पाहिलं. "दुपारी ओहोटी आहे, अण्णा. भरून झाली की संध्याकाळची एस.टी. गाठतो." आणि गेला.

त्या दुपारी खांड भरली नाही. जवळजवळ मिटत आलेलं तोंड भरतीने पुन्हा उघडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे त्याचा पेपर चालू असायच्या वेळेला, मी मामांबरोबर भाकरी घेऊन गेलो. रांग बांधावरून खाली चिखलात उतरली होती. हसुराम खाली, छातीपर्यंत पाण्यात, ढेकळं बसवत होता. वर रांगेत चांगुणाबाई उभ्या होत्या. आदल्या दिवशी तो येईपर्यंत त्यांनी त्याची जागा धरली होती, आणि तो आल्यावरही त्या रांगेतून निघाल्या नव्हत्या. त्यांना कोणी हाकललं नाही, पण कोणी मोजलंही नाही. दुपारी खांड मिटली. लोक ओरडले. भात गेलाच होता. हसुराम बांधावर येऊन बसला आणि त्याने मामांना विचारलं, "किती वाजले?" मामांनी सांगितलं नाही.

कॉलेजचा नियम साधा होता: परीक्षा बुडाली तर टर्म नाही, टर्म नाही तर वर्ष नाही. तो प्रिन्सिपॉलसाहेबांकडे अर्ज घेऊन गेला. खांड म्हणजे काय हे इंग्रजीत सांगता येईना, म्हणून त्याने बांधाचं चित्र काढून दाखवलं, समोरून, वरून आणि बाजूने. तिन्ही बाजू बरोबर होत्या, असं साहेब म्हणाले. नियम मात्र बदलला नाही.

तो गावी परतला आणि वडिलांच्या जागी मिठागरावर जाऊ लागला. गाव खूश होतं. गावचे पंच पोशानाना भेटेल त्याला सांगायचे, "पोर शिकला पन इसरला नाय. परीक्षा टाकून आला." ते मनापासून म्हणायचे. हसुराम मान खाली घालून ऐकायचा. अधूनमधून वाचनालयात यायचा, पण चित्रांची पुस्तकं मागायचा नाही. वर्तमानपत्र हातात धरून बसायचा. मी एकदा विचारलं, "पुढच्या जूनला काय?" तो म्हणाला, "खारं पाणी शिरलं की दोन पावसाळे जमिनीला काही येत नाही, अण्णा. मीठ धुऊन जावं लागतं."

"ते जमिनीचं झालं. तुझं काय?"

"माझं..." त्याने वर्तमानपत्र टेबलावर ठेवलं. "मला जायचं आहे. पण मी चार वर्षं तिथे आणि खांड गेली, तर आईच्या मागे कोण? आमचं घर बांधाबाहेर जाईल. आई गावात एकटी राहील, गावाशिवाय. दाब दोन्हीकडून आहे."

मे महिन्यात गाव देवळाच्या ओट्यावर बसलं. हसुरामने विनवलं म्हणून मी गेलो. शिक्षणाचं महत्त्व, समाजाची प्रगती, असं मी बोललो. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पोशानाना म्हणाले, "मास्तर चांगला बोलले. आता कामाचा बोलू. हसुराम, तू जा. तुला कोन आडवतो? पन तुज्या घराचा मानूस कोन?"

"नाना, मी सुटीत..."

"दर्या तुजी सुटी बघून येल का?"

लोक हसले. तेवढ्यात बायकांच्या बाजूने चांगुणाबाई उठल्या. अंगाने किरकोळ बाई. पदर खोचलेला.

"माज्या घराचा मानूस मी."

ओट्यावर पुन्हा हशा झाला. एक जण म्हणाला, "बाईमानूस बांधावर उभा केला तं दर्या पन हसंल."

"हसू दे," चांगुणाबाई म्हणाल्या. "पानी आत येतो तवा बाप्याचा शेत कंचा न बाईचा शेत कंचा, इचारून येतो का? नाना, कोजागिरीला दोन रोज तुमच्या हातात ढेकूल कोन देत होता?"

पोशानाना जमिनीकडे बघू लागले.

"बोला ना. तुमच्या अलीकडं कोन होता?"

"तू होतीस," नाना म्हणाले. "खोटा कशाला बोलू? एक पन ढेकूल पडला नाय हिच्या हातून."

"मग मोजा मना."

बराच वेळ कुजबुज चालली. एक म्हातारा म्हणाला, आज ही, उद्या सगळ्याच बाया मागतील. दुसरा म्हणाला, मागू देत, माझी तरी घरात बसून डोका खाते. शेवटी पोशानानांनी हात वर केला.

"चांगुना, गाव तुला मोजंल. पन मग नीट ऐक. घराचा मानूस एकच. आज तू तं कायमची तू. उद्या पोर सायेब होऊन आला न बोलला मी उभा रातो, तं त्याला जागा नाय. आज इकडं, उद्या तिकडं, असा बांध चालत नाय. तू का तो, आताच सांग."

हसुराम उभा राहिला. मला वाटतं तो नाही म्हणणार होता. शिक्षण सोडण्याची त्याने तयारी केलेली होती, पण गावातली आपली जागा सोडण्याची केलेली नव्हती. ती अशी आईच्या हातून काढून घेतली जाईल हे त्याच्या मनातही आलं नसेल. त्याने आईकडे बघितलं. आईने त्याच्याकडे बघितलं नाही.

"मी," त्या म्हणाल्या, आणि खाली बसल्या.

परतताना चिंचेच्या झाडापर्यंत हसुराम माझ्याबरोबर आला. झाडापाशी थांबून म्हणाला, "अण्णा, जूनमध्ये बोर्ड न्यायला विसरलो तर आठवण करा." आणि थोडं हसला.

पुढचं शिक्षण त्याने सरळ पार पाडलं. त्या वर्षांत बांध दोनदा फुटला आणि दोन्ही वेळा चांगुणाबाई उभ्या राहिल्या, हे मला मामांकडून कळायचं. त्याला ते खांड मिटल्यावरच कळवायचे. मग तो सरकारी नोकरीत लागला, देशावर गेला. पाण्याच्या कामातच राहिला. पत्रं त्रोटक असायची, त्यात एखादी आकृती. आईला त्याने कितीदा आपल्याकडे नेलं, पण दिवाळीच्या आधी त्या परत यायच्या. बांधाची वेळ झाली, म्हणायच्या.

त्याला मी शेवटचं पाहिलं ते दोन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर. रजेवर आला होता. वाचनालयात आला, म्हणाला, "चला अण्णा, डागडुजी चालू आहे, बघून येऊ." पनवेलहून आम्ही बरोबर गेलो. ओहोटी नुकतीच लागली होती. रांग उभी राहिली होती आणि ढेकळं चालू झाली होती. रांगेत आता चांगुणाबाईंखेरीज आणखीही काही बायका दिसल्या, कुणी विधवा, कुणाचा नवरा मुंबईच्या गिरणीत. हसुरामने बूट काढले, पँट गुडघ्याच्या वर दुमडली आणि रांगेत एका ठिकाणी अंतर जास्त पडलं होतं तिथे जाऊन उभा राहिला.

पोशानाना आता खूप थकले होते. बांधावर पोतं अंथरून बसले होते. तिथूनच ते ओरडले, "सायेब! तुमच्या घरचा मानूस हाय लायनीत!"

सगळे हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं. हसुरामही हसला, पण लगेच बाजूला झाला नाही. दोन्ही हात पुढे तसेच होते. पलीकडच्या माणसाने ढेकूळ त्याला न देता, लांब होऊन, पुढच्याच्या हातात दिलं. मग तो बाहेर आला.

थोडा वेळ तो माझ्याजवळ उभा राहिला. पाण्याची कळशी बांधावर ठेवलेली होती, तिच्यावर तांब्या. त्याने कळशी खांद्यावर घेतली आणि रांगेच्या एका टोकापासून लोकांना पाणी पाजत निघाला. कोणाचेच हात मोकळे नव्हते. तो वरून धार धरायचा आणि ते तोंड वर करून प्यायचे. करता करता तो आईपाशी पोचला. चांगुणाबाईंनी हातातलं ढेकूळ पुढे दिलं, चिखलाचे हात अंगापासून लांब धरले आणि तोंड वर केलं. हसुरामने धार धरली. त्या घटाघटा प्यायल्या. थोडं पाणी गळ्यावर सांडलं ते त्यांनी खांद्याला पुसलं.

तो तसाच उभा राहिला, तांब्या हातात घेऊन. बहुतेक आणखी हवं का, असं विचारत असावा.

"हो बाजूला," त्या म्हणाल्या. "ढेकूल येतो."

तो बाजूला झाला.